इंजिन बदललं, पण सेल्फ पकडेना

इंजिन बदललेल्या गाडीत सेल्फ पकडला नाही की गॅरेजमध्ये पहिला संशय सेल्फवरच जातो. तो खाली उतरतो, टेबलावर बॅटरीला जोडला जातो, तिथे झोकात फिरतो, पुन्हा गाडीवर चढतो आणि पुन्हा तेच. मग ब्रश बदलले जातात, बुश बदलले जातात, शेवटी नवा सेल्फ येतो. नवाही तसाच वागतो. एवढा खर्च झाल्यावर कुणीतरी म्हणतं, गिअरबॉक्स उतरवून बघू या.

रोज चालणाऱ्या गाडीचा सेल्फ एके दिवशी बंद पडला, तर काहीतरी झिजलंय, तुटलंय किंवा जळलंय असं धरून शोध घ्यावा. इंजिन नुकतंच बदललं असेल तर मात्र काहीच मोडलेलं नसण्याची शक्यता जास्त. इंजिन एका गाडीचं, गिअरबॉक्स दुसरीचा, वायरिंग तिसऱ्या काळातलं आणि सेल्फ जुन्या बाजारात मिळाला तो. या सगळ्यांची गाठ पडते ती नेमकी सेल्फच्या गरारीपाशी. कुणाचं कुणाशी जमत नाही हे तिथे मोजून काढावं लागतं. आणि मोजमापाचा क्रम मेहनतीप्रमाणे लावावा: जे उभ्या उभ्या तपासता येतं ते आधी, गिअरबॉक्स उतरवणं सगळ्यात शेवटी. हा क्रम पाळला जात नाही म्हणून लोकांचे दिवस आणि पैसे वाया जातात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

सेल्फ म्हणजे एक लहान, पण ताकदवान डीसी मोटर. फ्लायव्हीलच्या कडेवर चढवलेल्या दातेरी रिंगमार्फत ती इंजिन फिरवते. मोटरच्या टोकाला नऊ-दहा दातांची गरारी असते आणि रिंगला शंभर-सव्वाशेच्या आसपास दात. १२९ दातांच्या रिंगवर ९ दातांची गरारी चालली तर गुणोत्तर १४ च्या थोडं वर जातं. इंजिन मिनिटाला २०० फेऱ्यांनी फिरवायचं तर मोटरला २,८०० हून जास्त फेरे घ्यावे लागतात. हेच गणित उलटं मांडा. इंजिन पेटून १,००० फेऱ्यांवर गेलं आणि गरारी दातांतच राहिली, तर मोटर १४,००० फेऱ्यांनी फिरेल आणि आर्मेचरच्या तारा खाचांतून उसळून बाहेर येतील. म्हणून गरारीने यायचं, काम करायचं आणि ताबडतोब निघून जायचं. इंजिन बदलल्यावर बिघडतं ते हेच येणं-जाणं.

अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांनी कॅडिलॅकसाठी केलेला विजेचा सेल्फ १९१२ च्या मॉडेलवर आला. केटरिंग त्याआधी दुकानांतल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवण्याच्या कामावर होते. मोटर लहान असली तरी काही सेकंदांपुरती तिच्या कुवतीपलीकडे राबवता येते, मधे थंड व्हायला वेळ मिळाला की झालं, ही जाण त्या कामातली. आजही सेल्फ याच तत्त्वावर चालतो. त्यामुळे तपासणी करताना चावी दहा सेकंदांहून जास्त धरू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये मिनिटभर तरी थांबावं. सेल्फ पकडत नाही म्हणून वैतागून चावी दाबून धरणारे लोक चांगला सेल्फ जाळतात आणि मग खरा दोष शोधणं आणखी अवघड होतं.

गरारी पुढे नेण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि आपल्या सेल्फची कोणती हे आधी ओळखायला हवं. जुन्या गाड्यांत बेंडिक्स असतो. मोटरच्या दांड्यावर मळसूत्र, त्यावर सैल बसलेली गरारी. मोटर झटक्यात सुरू होते तेव्हा जड गरारी जडत्वामुळे लगेच फिरत नाही; बोल्ट झटकन फिरवला तर सैल नट जसा त्यावरून पुढे सरकतो तशी ती मळसूत्रावरून सरकत रिंगच्या दातांत शिरते. इंजिन पेटलं की रिंग तिला मोटरपेक्षा जोरात फिरवते आणि ती उलट्या वाटेने मागे फेकली जाते. इथे वीज फक्त मोटर फिरवते, गरारी ढकलायला वेगळं काही नसतं. त्यामुळे मोटर सुस्त सुरू झाली, किंवा मळसूत्रावर ग्रीस फासून त्यात क्लचची धूळ बसली, की मोटर गरगरते आणि गरारी जागची हलत नाही. बेंडिक्सचं मळसूत्र स्वच्छ आणि जवळजवळ कोरडं असावं. वंगण म्हणून प्रेमाने चोपडलेलं ग्रीस तिथे घात करतं.

दुसऱ्या तऱ्हेत मोटरच्या पाठीवर सोलेनॉइड असतो. चावी फिरवली की तो एका काट्याने गरारी पुढे ढकलतो आणि ती पोचली की आतला जाड तांब्याचा संपर्क जुळून मोटर फिरू लागते. सोलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात. एक ओढणारी, जोरकस; तिचा परतीचा रस्ता मोटरमधूनच जातो. दुसरी धरून ठेवणारी, बारीक तारेची. तिचा अर्थ सोलेनॉइडच्या अंगाला. संपर्क जुळला की ओढणाऱ्या गुंडाळीच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज येतो, ती आपोआप निवृत्त होते आणि एकटी बारीक गुंडाळी गरारीला धरून ठेवते. पुढे येणाऱ्या टिकटिकीचं मूळ इथे आहे.

तर चावी फिरवा आणि कान द्या. काहीच आवाज नाही, एकच टक्, पावसासारखी भरभर टिकटिक, नुसतं गरगरणं, की दातांवर दात घासल्याची कर्रकर्र? या पाच आवाजांचे रस्ते वेगवेगळे आहेत. पहिले तीन बहुधा विजेचे, शेवटचे दोन बहुधा दातांचे. गरगरण्याचा आवाज येत असताना बॅटरी बदलणं किंवा टिकटिक होत असताना फ्लायव्हील उतरवणं, दोन्ही व्यर्थ.

विजेच्या बाजूला इंजिन बदलल्यानंतर सर्वांत जास्त राहून जाणारी गोष्ट म्हणजे अर्थची वायर. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं आणि रबरातून वीज जात नाही. बॅटरीचं ऋण टोक चासीला जोडलेलं असतं, चासीतून इंजिनकडे जाणारी विणलेली पट्टी जुन्या इंजिनाबरोबर निघून गेलेली असते आणि नव्याला ती लावायची कुणाच्या लक्षात राहत नाही. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, म्हणून वीज ठीक आहे असा समज होतो. सेल्फला मात्र परतीचा रस्ताच नसतो. मग प्रवाह मिळेल त्या वाटेने परततो: चोकच्या केबलमधून, ॲक्सिलरेटरच्या केबलमधून, गिअरच्या दांड्यातून. सेल्फ मारताना चोकची केबल तापली किंवा तिच्या आवरणातून धूर निघाला, तर आणखी काही तपासायची गरज नाही. इंजिनला थेट, जाड अर्थ द्या. आणि जिथे ती वायर बसेल तिथला रंग खरवडून काढा. इंजिन नव्याने रंगवून बसवणाऱ्यांच्या गाडीत सेल्फची बैठक, बेल हाउसिंगचा (फ्लायव्हीलभोवतीच्या कवचाचा) जोड आणि अर्थचा बोल्ट या तिन्ही जागी रंगाचा थर असतो. दिसायला सुंदर आणि विजेला अडथळा.

अडथळा किती लहान असला तरी पुरतो, हे आकड्यांत बघा. पेट्रोल इंजिनाचा सेल्फ शंभर ते दोनशे अँपिअर ओढतो. जोडात एका ओहमचा फक्त शंभरावा भाग रोध असला, तरी २०० अँपिअरला २ व्होल्ट तिथेच खर्च होतात. साधा मीटर तो रोध ओहममध्ये दाखवणारसुद्धा नाही. म्हणून रोध मोजायचा नाही, भार चालू असताना व्होल्टेजची घट मोजायची. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर टेकवा, क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरं इंजिनाच्या कोऱ्या धातूवर. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत आकडा राहिला तर अर्थ चांगला. एक-दोन व्होल्ट दिसले तर दोष सापडला. हीच कसोटी बॅटरीच्या धन खुंटीपासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट नको. बॅटरीवरचा व्होल्टेज सेल्फ मारताना साधारण ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी कमजोर, किंवा इंजिन जड फिरतंय. पाच मिनिटांची ही तपासणी टेबलावरच्या तासाभराच्या खटाटोपापेक्षा जास्त सांगते. टेबलावर मोटर बिनभार फिरते, कमी प्रवाहात फिरते, आणि म्हणून तिथे कमजोर सेल्फही तरुण वाटतो.

भरभर टिकटिक बहुतेकदा याच घटीची खूण. ओढणारी गुंडाळी गरारी पुढे नेते, संपर्क जुळतो, मोटर प्रचंड प्रवाह मागते, व्होल्टेज कोसळतो, धरून ठेवणारी बारीक गुंडाळी सुटते, संपर्क तुटतो, व्होल्टेज पुन्हा वर येतो आणि चक्र पुन्हा सुरू.

अजिबात आवाज नसेल तर सोलेनॉइडला हुकूमच पोचत नाही. बॉशच्या पद्धतीच्या सेल्फवर बॅटरीच्या टोकाला ३० आणि हुकमाच्या टोकाला ५० हा आकडा असतो. चावी फिरवल्यावर ५० वर व्होल्टेज येतो का ते मीटरने बघा. सोलेनॉइड पहिल्या क्षणी तीस-चाळीस अँपिअर ओढू शकतो. डॅशबोर्डपर्यंत जाऊन परतणारी जुनी बारीक वायर तेवढं देत नाही. मग ५० वर नऊ-साडेनऊ व्होल्ट दिसतात आणि गरारी अर्ध्या वाटेत थांबते. इथे एक रिले टाकणं हा स्वस्त आणि पक्का उपाय. नव्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रलला असल्याशिवाय हुकूम सोडायचा नाही अशी तजवीज असते. इंजिन बदलताना तो स्विच कुठेतरी लोंबकळत राहिलेला असतो. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, कुणी पुढे उभं नाही याची खात्री करून ३० वरून ५० ला क्षणभर जाड वायर टेकवावी. सेल्फने पकडलं तर चावीपासून सेल्फपर्यंतच्या वाटेत दोष आहे, सेल्फ निर्दोष आहे.

जुन्या जीपमध्ये इथे एक खास घोटाळा होतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबीत सेल्फचा स्विच पायापाशी, जमिनीवर असे. पाय दाबला की जाड केबलमधून थेट मोटरला वीज. बेंडिक्सच्या सेल्फला एवढं पुरतं. तिथे सोलेनॉइडचा सेल्फ बसवून तीच केबल ३० ला जोडली आणि ५० कोरडं ठेवलं, तर पाय कितीही दाबा, काही होणार नाही. काही जण यावर ३० आणि ५० एकमेकांना कायमचे जोडतात. सेल्फ चालतो, पण कायम चुंबकाच्या मोटरमध्ये स्विच सोडल्यावर ती स्वतःच जनित्रासारखी वीज करते, ती वीज सोलेनॉइडला धरून ठेवते आणि गरारी काही क्षण दातांतच राहते. असा जोड देऊ नये.

दातांकडे वळण्याआधी आणखी एक सोपी तपासणी. क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून बघा. एकच टक् आवाज येऊन सगळं थिजत असेल, तर कधी इंजिनच अडलेलं असतं: फ्लायव्हीलचा जास्त लांब बोल्ट मागच्या प्लेटला टेकतो, ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टर पूर्ण आत बसलेला नसतो, किंवा उघड्यावर पडलेल्या इंजिनाच्या सिलिंडरात पाणी साचलेलं असतं. पाण्यावर सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. हातानेच कळलं तर तो वाचतो.

आता दातांचा भाग, आणि खरी गंमत इथे आहे. एकाच घराण्याचं इंजिन, एकाच आकाराचा ब्लॉक, बोल्ट सरळ बसतात, तरी गरारी जमत नाही. याचं उत्तम उदाहरण विलीज जीपचंच. महायुद्धातल्या एमबीचं गो-डेव्हिल इंजिन १३४ घन इंचांचं, म्हणजे सुमारे २.२ लिटर, त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. पुढे त्याच तळावर हरिकेन इंजिन आलं, क्षमता तीच, पण आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेला. या उंच इंजिनासाठी बॉनेट उंच केलेली जीप म्हणजे १९५३ ची सीजे-३बी. महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि सीजे-३बीचा वंश आपल्याकडे पुढे कित्येक दशकं चालला. महाराष्ट्रात जुन्या जीप जपणाऱ्यांच्या हाती म्हणूनच अनेकदा युद्धकाळातली जीप आणि महिंद्राचं हरिकेन इंजिन अशी जोडी येते. ब्लॉक भावंडं आहेत, तेव्हा बसणारच, असं वाटतं. बसतंही.

पण या एका घराण्यात फ्लायव्हीलच्या रिंगा तीन: ९७ दातांची, १२४ दातांची आणि १२९ दातांची. ९७ ची रिंग युद्धकाळातल्या सहा व्होल्टच्या जीपवर. तिचे दात जाड आणि दूर दूर. १२९ ची बारा व्होल्टच्या इंजिनांवर आढळते, तिचे दात बारीक. जाड दातांच्या रिंगसाठी घडलेली गरारी बारीक दातांत शिरूच शकत नाही. नुसती कडेवर खडखडते. उलट बारीक दातांची गरारी जाड दातांत शिरते, पण एकाच दातावर भार घेत चालते आणि थोड्याच दिवसांत दोघींचे दात खाते. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण सुरुवातीला काम झाल्यासारखं वाटतं. त्यात व्होल्टेजचा गुंता. सहा व्होल्टचा सेल्फ बारा व्होल्टवर चालवणारे पुष्कळ आहेत; तो चालतो, जोरातही फिरतो, पण बेंडिक्सची गरारी रिंगवर हातोड्यासारखी आदळते आणि स्प्रिंग तुटतो किंवा बोल्ट सैल पडतात. रिंगचा बाहेरचा व्यासही सारखा नाही. मोठी रिंग जुन्या बेल हाउसिंगमध्ये आतून घासू शकते. तेव्हा या जीपमध्ये फ्लायव्हील, बेल हाउसिंग आणि सेल्फ ही तीन माणसं एकाच गावची हवीत. इंजिन कुठलंही चालेल, पण ही तिन्ही एकत्र घ्या किंवा एकत्र ठेवा.

दात जुळतात का हे कळायला कारखाना लागत नाही. फ्लायव्हील अजून टेबलावर असतानाच सेल्फची गरारी हातात धरून रिंगवरून संपूर्ण फेरी फिरवा. ती कुठेही न अडकता, न उडता, दाताच्या तळापर्यंत उतरत गेली पाहिजे. मोजून बघायचं असेल तर रिंगचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि दातांच्या संख्येत दोन मिळवून त्या आकड्याने भागा. १२५ दातांची रिंग ३१७.५ मिलिमीटरची असेल तर उत्तर २.५ येतं; गरारीचं उत्तर त्याच्या जवळ यायला हवं. गरारीच्या दातांचा आकार पुष्कळदा मुद्दाम थोडा बदललेला असतो, म्हणून हा हिशेब शेवटचा शब्द मानू नये. हाताने फिरवून बघणं जास्त विश्वासाचं.

पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन घालण्याचा उद्योग आपल्याकडे गावोगावी झाला. महिंद्रांनी १९७९ मध्ये प्यूजोच्या एक्सडीपी डिझेल इंजिनासाठी करार केल्यावर तशी इंजिनं जुन्या बाजारातही येऊ लागली. इथे जुन्या पेट्रोल सेल्फची कुवतच अपुरी पडते. पेट्रोल जीपचं कॉम्प्रेशन सातच्या आसपास, त्या काळच्या डिझेलचं वीसच्या आसपास. सेल्फ जास्त ताकदीचा, केबल जास्त जाडीची आणि बॅटरी मोठी लागते. मोठ्या ट्रकचं इंजिन उचललं तर सेल्फ चोवीस व्होल्टचा निघू शकतो, तो बारा व्होल्टवर मरगळल्यासारखा वागतो, आणि निदान करणारा बॅटरीला दोष देत राहतो. सेल्फच्या अंगावरची पट्टी वाचा. इंजिन क्रमांक बदलतो म्हणजे आरसी बुकातली नोंद बदलावी लागते, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ इथे लागू होतं, आणि परवानगी आधी घ्यायची असते. तीही याच टप्प्यावर लक्षात असू द्या.

पण डिझेलच्या अदलाबदलीत सेल्फ न पकडण्याचं मुख्य कारण खोली हे असतं. परक्या गिअरबॉक्सला इंजिन जोडायचं तर मध्ये एक जाड पोलादी प्लेट कापून घालतात. समजा ती १० मिलिमीटरची आहे. सेल्फ बेल हाउसिंगवर बसणारा असेल, तर तो आता फ्लायव्हीलपासून १० मिलिमीटर मागे गेला. गरारीची पुढे सरकण्याची हद्द ठरलेली असते. ती रिंगच्या कडेपर्यंत पोचते, दोन मिलिमीटर दात पकडते, भार आला की घसरते. गरगर आणि मधेच कर्रकर्र. उलटही घडतं. कंपनीच्या इंजिन आणि गिअरबॉक्समध्ये पुष्कळदा एक पातळ पत्र्याची प्लेट असते, धूळ अडवायला आणि सेल्फची खोली राखायला. जुळणी करताना ती फालतू समजून फेकली जाते आणि सेल्फ तेवढा पुढे येतो. मग गरारी विश्रांतीतही रिंगला टेकून राहते आणि इंजिन चालू झालं की किंचाळते.

म्हणून तीन मापं घ्या. सेल्फच्या बैठकीपासून रिंगच्या जवळच्या कडेपर्यंतचं अंतर. सेल्फच्या फ्लँजपासून विश्रांतीतल्या गरारीच्या टोकापर्यंतचं. आणि गरारी पूर्ण पुढे ओढल्यावर पुन्हा तेच. विश्रांतीत गरारी आणि रिंग यांच्यात साधारण दीड ते तीन मिलिमीटर मोकळी जागा असावी आणि पुढे आल्यावर गरारीने रिंगच्या रुंदीचा बहुतेक भाग व्यापावा. मापांवर भरवसा नसेल तर रिंगच्या काही दातांना मार्कर पेनने काळं करा, सेल्फ क्षणभर मारा आणि धूळझाकणाच्या फटीतून बघा: रंग कुठपर्यंत पुसला गेला तिथपर्यंतच गरारी पोचते.

फिरण्याची दिशा हा वेगळाच सापळा. काही इंजिनांत सेल्फ पुढून, इंजिनाच्या बाजूने रिंगकडे तोंड करतो, काहींत मागून, गिअरबॉक्सच्या बाजूने. एकाच इंजिनाला दोन्हींसाठी लागणाऱ्या मोटरींची दिशा उलट असते. बेंडिक्स चुकीच्या हाताचा आला तर मळसूत्र गरारीला रिंगपासून दूर ढकलतं. यावर बॅटरीच्या वायरी उलट्या करून बघू, असं सुचवणारे भेटतात. फील्ड कॉइलच्या जुन्या मोटरवर त्याचा काही उपयोग नाही, कारण उलट्या वायरींमुळे आर्मेचर आणि फील्ड दोन्हींतला प्रवाह उलटतो आणि मोटर पहिल्याच दिशेला फिरते. कायम चुंबकाची मोटर मात्र खरंच उलटी फिरते, आणि उलट्या वायरींनी अल्टरनेटरचे डायोड त्या क्षणी जळतात. तो प्रयोग करू नका.

रिंगचीही एक उजवी-डावी बाजू असते. ती फ्लायव्हीलवर तापवून चढवतात; साधारण दोनशे अंश सेल्सिअसला ती पुरेशी फुगते, थंड झाली की आवळून बसते. लालभडक तापवली तर दातांचा कडकपणा जातो. दातांची एक कड तिरपी तासलेली असते आणि ती गरारी जिथून येते त्या बाजूला हवी, म्हणजे दातावर दात आला तरी गरारी घसरून फटीत पडते. गाडीतला सेल्फ समोरून येणारा आणि फ्लायव्हील मागून येणाऱ्या सेल्फसाठीचं असेल, तर गरारी कोऱ्या कडेवर आपटत राहते. आणि जुन्या इंजिनाबरोबर आलेली रिंग असेल तर एक खूण लक्षात ठेवा: चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना साधारण दोनच ठिकाणी थांबतं, समोरासमोर. रिंग तिथेच झिजते. सेल्फ कधी पकडतो, कधी नाही, आणि पुली जरा हाताने सरकवली की हमखास पकडतो, असं असेल तर रिंग बदलायची वेळ झालेली आहे.

दात आणि खोली दोन्ही जुळल्यावर उरतो तो गरारी आणि रिंगच्या दातांमधली फट ठेवण्याचा प्रश्न. यात शेव्हर्लेच्या स्मॉल-ब्लॉक इंजिनाने अमेरिकेतल्या गॅरेजांना सगळ्यात जास्त धडे दिले. १९५५ पासूनच्या या व्ही-८ इंजिनाची फ्लायव्हील दोन मापांची: १२.७५ इंचांची १५३ दातांची आणि १४ इंचांची १६८ दातांची. सेल्फ ब्लॉकला खालून दोन बोल्टांनी लागतो, आणि दोन मापांसाठी बोल्टांची मांडणीही वेगळी: एकीत सरळ रेषेत, दुसरीत तिरकी. चुकीचा सेल्फ बोल्टला बसला तरी गरारी रिंगपासून लांब राहते किंवा तिला चिकटते. बरोबर सेल्फ असतानाही बारीक फरक उरतो, तो सेल्फ आणि ब्लॉक यांच्यात पातळ पत्रे सरकवून काढतात. एक पत्रा साधारण ०.३८ मिलिमीटरचा. गरारी आणि रिंगच्या दातांमध्ये अर्धा मिलिमीटर किंवा थोडी जास्त फट हवी. सरळ केलेली कागदाची पिन तिथे जेमतेम शिरली की बरोबर.

फट बरोबर झाली की नाही हे शेवटी कानच सांगतो. इंजिन पेटण्याआधी, सेल्फ फिरत असतानाच उंच पट्टीतला किंचाळणारा आवाज आला तर फट जास्त आहे, एक पत्रा काढा. इंजिन पेटल्यावर, चावी सोडता सोडता किंचाळी आली तर फट कमी आहे, एक पत्रा घाला. बेल हाउसिंगवर बसणाऱ्या सेल्फमध्ये अशी सोय नसते. तिथे फट चुकली तर बेल हाउसिंगच्या डॉवेल पिना जागेवर आहेत का ते बघा, कारण पिना नसल्या की बोल्टच्या भोकांतल्या ढिलाईएवढं सगळं बाजूला सरकतं. आणि सेल्फचे मूळ बोल्ट असतील तर तेच वापरा. शेव्हर्लेच्या बोल्टांच्या मधल्या भागावर खरबरीत रेघा मुद्दाम असतात, त्या सेल्फला भोकात नेमकं बसवून ठेवतात. तिथे त्याच जाडीचा साधा बोल्ट घातला तर पहिल्या जोरकस स्टार्टला सेल्फ केसभर सरकतो आणि पत्र्यांचा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.